बैलांना घरची वाट कशी कळते?

प्रश्न : डॉक्टरसाहेब, आमचे बाबा बाजारातून परतताना बंडीतच झोपून जात. बैल बंडी बरोबर आमच्या कोठ्यापुढे आणून उभी करत. एका पावसाळ्यात नाल्याला पूर होता, तर बैल पांदणीच्या तोंडाशीच थांबले आणि टेकाडावरच्या गाडवाटेने घरी आले. पोरगा म्हणतो, ही नुसती सवय, यात डोकं कसलं? खरं काय?
— एक शेतकरी, आर्वी तालुका

उत्तर : बाजाराच्या वाटेपुरतं मुलाचं म्हणणं पटण्यासारखं आहे. पुराच्या प्रसंगाला मात्र ते पुरत नाही.

मेंदूत वाट लक्षात ठेवायच्या दोन वेगळ्या यंत्रणा आहेत. एक सवयीची : इथे आलं की डावीकडे वळायचं, बस. ते काम स्ट्रायटम नावाचा आतला भाग करतो. दुसरी जागेची, म्हणजे कुठली जागा कुठे आहे याची; ती हिप्पोकॅम्पस नावाच्या मेंदूच्या दुसऱ्या भागात. जॉन ओकीफ या शास्त्रज्ञांना १९७१ साली लंडनमध्ये उंदराच्या हिप्पोकॅम्पसमध्ये अशा पेशी सापडल्या की उंदीर ठराविक जागी पोचला की ठराविक पेशी जागी होते. या शोधासाठी त्यांना २०१४ चं नोबेल मिळालं, नॉर्वेच्या मोझर दांपत्यासोबत.

बैलालाही हिप्पोकॅम्पस असतो. पिसाळून मेलेल्या जनावराचा मेंदू तपासणीला पाठवताना लहान मेंदूसोबत हाही भाग मी स्वतः काढलेला आहे. मेंढ्याच्या शिंगासारखा वळलेला, पांढुरका. हातात घेतला की वाटतं, जनावराचं सारं शिवार यात होतं.

तुमच्या घरातल्या वादाला लागू पडणारा प्रयोग पॅकार्ड आणि मॅकगॉ या शास्त्रज्ञांनी १९९६ साली छापला. अधिकाच्या चिन्हासारख्या चार फाट्यांच्या वाटेवर उंदरांना रोज एकाच टोकाहून सोडून खाण्यापर्यंत जायला शिकवलं. आठव्या दिवशी समोरच्या टोकाहून सोडलं, तर बहुतेक उंदीर खाण्याच्या जागीच गेले, म्हणजे नेहमीच्या उलट वळले. सोळाव्या दिवशी बहुतेक जण नेहमीचंच वळण घेऊन चुकीच्या फाट्यात गेले. सवय बसली होती. पण त्याच दिवशी सवयीचं काम करणारा स्ट्रायटमचा भाग औषधाने थोडा वेळ बधिर केला, तर उंदीर पुन्हा बरोबर जागी! सवयीखाली जागेची आठवण शाबूत होती. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. सवय दिसली म्हणून जनावराला डोकं नाही असं म्हणता येत नाही.

आता तुमची जोडी. पाण्याला बिचकून थांबणं ही भीती. टेकाडाकडे वळणं ही खरी गोष्ट, पण मला आधी दोन उत्तरं हवीत. त्या वाटेने ते पूर्वी कधी घराकडे आले होते का? आणि पुढे दुसरी बंडी चालली होती का? बैल वासावर आणि पुढच्या जनावरामागेही जातो. दोन्हीचं उत्तर ‘नाही’ असेल, तर त्यांनी घराची दिशा डोक्यात धरली होती, असं मी म्हणेन. जोडीत एक जुना बैल असला तर बहुधा तोच आधी वळला असेल. बाबांना विचारून पाहा.

आजही बैल असतील तर उन्हाळ्यात, दिवसाउजेडी, रिकामी बंडी जुंपा. पांदणीच्या तोंडाशी काट्या लावा, कासरा ढिला सोडा, आवाज देऊ नका. मुलाला शेजारी बसवा. काय होतं ते त्यालाच लिहून पाठवायला सांगा.