कामगाराचा जुना पगार : मुदत टळली, पण हिशेब?

प्रश्न : अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचे टॉवेलचे यंत्रमाग आहेत. एकूण चौदा कामगार. वडील गेल्यावर कारखाना मी बघतो. २०१४ पासून आमच्याकडे असलेला एक विणकर मे २०२१ मध्ये काम सोडून भिवंडीला गेला. परवा तो आला आणि तेव्हाच्या ३० दिवसांचे १२,००० रुपये मागू लागला. वडिलांच्या वहीत त्याच्या नावापुढे ‘बाकी’ एवढंच लिहिलंय, शिवाय ३,००० ची उचल आहे. हिशेबनीस म्हणतात, मुदत संपली, उत्तरही देऊ नका. काय करू?
– एक यंत्रमागधारक, सोलापूर

उत्तर : तुमच्या वडिलांनी ‘बाकी’ लिहून ठेवलंय, तिथूनच सुरुवात करा. मालकाच्याच अक्षरात देणं लिहिलेलं असताना कामगाराला खोटं कसं ठरवणार?

हिशेबनीसांचं म्हणणं अर्धं खरं आहे. तेव्हाच्या वेतन अदायगी कायद्यात दाव्याची मुदत १२ महिने होती, दिवाणी दाव्याला ३ वर्षे. दोन्ही उलटल्या. पण सबळ कारण दिलं तर उशीर माफ करण्याचा अधिकार वेतनाचे दावे ऐकणाऱ्या अधिकाऱ्याला होता, आणि औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम ३३ सी (२) खालच्या, म्हणजे मालकाकडून येणं असलेली रक्कम ठरवून घेण्याच्या, अर्जाला तर मुदतच लिहिलेली नव्हती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेने दाव्याची मुदत ३ वर्षे केली आहे, म्हणजे कायद्याचा कलही कामगाराला जास्त वेळ देण्याकडेच आहे. आणि मुदत गेली म्हणून देणं फिटत नाही, फक्त वसुलीचा दावा अडतो.

मी एका मिलच्या पगार खात्यात २२ वर्षे काढली. एकदा एका कामगाराच्या बायकोला ‘आता उशीर झाला’ म्हणून मीच खिडकीवरून परत पाठवलं. पुढे जुनं हजेरीबुक चाळताना तिच्या नवऱ्याचे ११ दिवस सापडले. तोवर ती गाव सोडून गेली होती. ते ११ दिवस अजून माझ्या डोक्यातून जात नाहीत, म्हणून सांगतो, आधी वही उघडा.

हजेरी, त्या पंधरवड्यांचे टॉवेलचे नग, दर, सगळं काढा. त्याला समोर बसवा. मराठी वाचता येत नसेल तर त्याची भाषा जाणणारा कोणी घेऊन एकेक आकडा वाचून दाखवा. उचलीपुढे त्याची सही किंवा अंगठा असेल तरच ३,००० वळते करा. नुसत्या तोंडी आठवणीवर कापू नका.

आता तुम्ही विचारलं नाही ते सांगतो, कारण खरी रक्कम तिथे आहे. २०१४ ते २०२१ म्हणजे सलग ७ वर्षांची नोकरी भरत असेल, तर त्याला ग्रॅच्युइटी, म्हणजे दीर्घ नोकरीनंतर मालकाने द्यायची एकरकमी रक्कम, लागू होते. दहा किंवा अधिक माणसं असलेल्या कारखान्याला हा कायदा लागतो, आणि कामगाराने अर्ज केला नाही तरी हिशेब काढून देणं मालकाचं काम असतं. नगावर काम करणाऱ्याची शेवटच्या तीन महिन्यांची रोजची सरासरी धरतात, ओव्हरटाइम सोडून. ती ४०० रुपये निघाली, तर १५ दिवस गुणिले ७ वर्षे, म्हणजे ४२,००० रुपये. उशिरावर व्याजाचीही तरतूद आहे.

एवढे एकदम जड जात असतील तर हप्ते ठरवा, पण ते त्याला मान्य असले पाहिजेत. ठरेल ते लिहून ठेवा. मुदतबाह्य देणं फेडण्याचं सहीनिशी दिलेलं लेखी वचनही कायद्याने बांधतं, तेव्हा आकडा पक्का झाल्यावरच सही करा. पैसे बँकेतून द्या, पावतीवर पगार वेगळा, ग्रॅच्युइटी वेगळी लिहा. कोऱ्या कागदावर त्याचा अंगठा घेऊ नका, हिशेबनीसांनी कितीही सुचवलं तरी.

बाकीचे जुने कामगारही येतील अशी भीती तुम्हाला वाटत असणार. येऊ द्या. वडिलांची वही पहिल्या पानापासून वाचून काढा, म्हणजे कोण येणार आहे ते तुम्हाला त्यांच्याआधी कळेल.