शब्द पाठ आहेत, तरी गुण का वाढत नाहीत?

सप्टेंबर लागला होता, पण वूहानचा उन्हाळा अजून सरला नव्हता. माझ्यासमोर बसलेल्या मुलीच्या हातातले दोन कागद घामाने मऊ पडले होते. पतीच्या नोकरीनिमित्त त्या शहरात राहत असताना एका विद्यापीठाच्या अभ्यास-साहाय्य कक्षात मी काही वर्षे समुपदेशक म्हणून काम केले, त्या काळातला हा अनुभव आहे. मुलीची ओळख पटू नये म्हणून काही तपशील आणि गुणांचे आकडे थोडे बदलले आहेत. तिची अडचण मात्र होती तशीच मांडते आहे, कारण पुढे भारतात परतल्यावर आयईएल्टीएस या इंग्रजीच्या परीक्षेची तयारी करणारी आपली मुलेही नेमका हाच प्रश्न घेऊन माझ्याकडे आली.

"लाओशी," ती म्हणाली. तिथे शिक्षकांना आणि आमच्यासारख्यांना याच शब्दाने हाक मारतात. "मी रोज साठ शब्द पाठ करते. दोन वर्षांत फारसा खंड पडू दिलेला नाही. तरी माझे गुण चारशेच्या आसपासच अडकले आहेत. मला भाषा येणारच नाही, असे आहे का?"

ती इंग्रजीच्या ज्या परीक्षेबद्दल बोलत होती तिला चीनमध्ये मुले नुसते "लियूजी", म्हणजे सहावी श्रेणी, म्हणतात. इंग्रजी हा मुख्य विषय नसलेल्या विद्यापीठीय विद्यार्थ्यांसाठी १९८७ साली चौथ्या श्रेणीची परीक्षा सुरू झाली आणि १९८९ मध्ये तिच्या वरची, सहाव्या श्रेणीची. जूनमध्ये एकदा आणि डिसेंबरमध्ये एकदा ती होते. एकूण गुण ७१०. २००५ पासून उत्तीर्ण झाल्याचे प्रमाणपत्र देणे बंद झाले आणि केवळ गुणपत्रक मिळू लागले, तरी ४२५ ही रेषा सगळ्यांच्या मनात पक्की बसलेली आहे, कारण चौथ्या श्रेणीत तेवढे गुण असल्याशिवाय सहाव्या श्रेणीला बसता येत नाही आणि सहाव्या श्रेणीत तेवढे आहेत का, हे नोकरी देणारे पाहतात. ही मुलगी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला होती. पुढच्या वर्षी तिला पदव्युत्तर प्रवेशपरीक्षा द्यायची होती आणि तिथल्या मुलाखतीत हा आकडा विचारला जाईल, अशी धास्ती तिने घेतली होती. हुनान प्रांतातल्या एका लहान गावातून विद्यापीठात आलेली घरातली ती पहिलीच. वडील फोनवर गुण विचारत नाहीत, आणि ते विचारत नाहीत याचेच मला जास्त वाईट वाटते, असे ती म्हणाली.

मी तिला तिचे शब्दांचे पुस्तक दाखवायला सांगितले. जाडजूड, सहाव्या श्रेणीच्या साडेपाच हजारांच्या आसपास शब्दांचे ते पुस्तक वर्णक्रमाने लावलेले होते. "अबॅन्डन" या पहिल्या शब्दापासूनची पाने बोटांनी काळवंडली होती, कडा दुमडल्या होत्या, समासात तीन रंगांच्या खुणा होत्या. मधली पाने बरी होती. एस अक्षराच्या पुढची पाने मात्र इतकी कोरी होती की उलटताना एकमेकांना चिकटून येत होती. प्रत्येक परीक्षेनंतर ती निराश होऊन पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात करत असे. मी त्यावर काही बोलले नाही. घामाने भिजलेले ते दोन कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले.

समुपदेशनात एक गोष्ट मी कटाक्षाने पाळते. "मला येत नाही" असे कोणी म्हणाले की काय येत नाही, याचा तपास केल्याशिवाय धीर द्यायचा नाही. न तपासता दिलेला धीर समोरच्याला लगेच पोकळ वाटतो, आणि ते योग्यही आहे. गुणपत्रकावर एकूण आकड्याखाली तीन वेगळे आकडे छापलेले असतात: श्रवण, वाचन, आणि लेखन-भाषांतर मिळून एक. डिसेंबरच्या परीक्षेत तिचे श्रवणाचे ११८, वाचनाचे १७८, लेखन-भाषांतराचे १०५, असे ४०१ होते. जूनमध्ये ११६, १८८ आणि १०५, म्हणजे ४०९. तिने आजवर फक्त ४०१ आणि ४०९ पाहिले होते. आत काय घडले आहे, हे पाहण्याइतके मन स्थिर नव्हते.

"वाचन दहाने वाढले आहे," मी म्हटले. "तुझे शब्द वाया गेलेले नाहीत. जिथे डोळ्यांचे काम आहे तिथे ते उपयोगी पडले. जिथे कानांचे आणि हाताचे काम आहे तिथे ते पोचलेच नाहीत."

तिला ते पटले नाही. शब्दच माहीत नसेल तर तो ऐकू कसा येणार, हा तिचा मुद्दा होता आणि तो रास्त होता. म्हणून मी तिला एक वाक्य ऐकवले. नेहमीच्या बोलण्याच्या वेगाने, एकदाच: "शी शुड हॅव आस्क्ट हिम अबाउट इट बिफोर द मीटिंग." तिने कागदावर लिहिले: शी, आस्क, अबाउट, मीटिंग. चार शब्द. मग मी पूर्ण वाक्य लिहून तिच्यापुढे सरकवले. त्या दहा शब्दांपैकी एकही असा नव्हता जो तिला शाळेपासून माहीत नव्हता. ती बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिली आणि पेनाच्या टोकाने, न ऐकू आलेल्या एकेका शब्दावर ठिपका देत गेली. बोलण्यात "शुड हॅव" हे "शुडव" होते, "आस्क्ट हिम" मधला ह गळून "आस्क्टिम" असे काहीतरी उरते. या रूपात हे शब्द तिला कधी भेटलेलेच नव्हते. सहा ठिपके झाले. मग ती हळू आवाजात म्हणाली, "म्हणजे मी चुकीच्या ठिकाणी कष्ट करत होते."

त्या क्षणी तिच्या चेहऱ्यावर सुटकेचा भाव होता आणि त्याखाली दोन वर्षांबद्दलचे दुःखही होते. अशा वेळी घाई करून उपाय सांगू नयेत, असे माझे मत आहे. आम्ही तो दिवस तिथेच थांबवला.

दुसऱ्या भेटीत मी तिला विचारले की ती घरी कोणती भाषा बोलते. हुनानची श्यांग बोली. शाळेत मात्र पुतोंगहुआ, म्हणजे प्रमाण चिनी. लहानपणी तिला न आणि ल हे उच्चार वेगळे करता येत नसत, कारण तिच्या बोलीत ते एकमेकांत मिसळून जातात. दूरदर्शनवरची मालिका पाहत, शिक्षिकेच्या तोंडाकडे पाहत, चुकत चुकत तिने तो फरक कानात बसवला होता. "ती भाषा तू शब्दांची यादी पाठ करून शिकलीस का?" असे मी विचारले तेव्हा ती पहिल्यांदा हसली. एक भाषा कानाने कमावलेली मुलगी स्वतःला भाषेची बुद्धी नाही असे म्हणत होती, आणि तिच्याजवळच्या या पुराव्याची आठवण तिला कोणी करून दिली नव्हती.

त्यानंतर आम्ही परीक्षेचा कागद उलगडून बसलो. निबंधाला ३० मिनिटे, श्रवणाला साधारण ३०, वाचनाला ४० आणि भाषांतराला ३०, अशी विभागणी असते. श्रवण एकदाच ऐकवतात. पर्याय समोर छापलेले असतात, प्रश्न मात्र कानांनीच टिपावा लागतो. त्यातले पहिले १५ प्रश्न संवाद आणि उताऱ्यांवर असतात व त्यांना मिळून १५ टक्के वजन असते. शेवटचे १० प्रश्न व्याख्यानांवर असतात आणि त्या दहांनाच २० टक्के. ती सुरुवातीच्या प्रश्नांत चुकलेल्या उत्तराचा विचार करत बसे, आणि जिथे एकेका प्रश्नाला दुप्पट मोल आहे तिथे पोचेपर्यंत तिचे लक्ष विरून गेलेले असे. वाचनातही तसेच. रिकाम्या जागा भरण्याच्या दहा प्रश्नांना मिळून पाच टक्के आहेत, पण ते आधी येतात म्हणून ती त्यांवर पंधरा-सोळा मिनिटे घालवत असे, कारण तिथे तिच्या पाठ शब्दांचा कस लागतो असे तिला वाटे. वाचन आणि भाषांतर सलग सोडवायचे असल्याने तो गेलेला वेळ शेवटी भाषांतराच्या वाट्यातून कापला जाई. जूनच्या पेपरात भाषांतराची शेवटची दोन वाक्ये तिने लिहिलीच नव्हती, हे तेव्हा तिच्या लक्षात आले.

भाषांतराबद्दल थोडे सविस्तर सांगते, कारण तिथे मला माझे स्वतःचे शालेय दिवस आठवले. २०१३ च्या अखेरीपासून या परीक्षेत एक अख्खा चिनी परिच्छेद इंग्रजीत आणायचा असतो. विषय चीनचा इतिहास, संस्कृती, अर्थव्यवस्था, समाज यांतले. चिनी लेखनात एकाच वाक्यात स्वल्पविराम देत चार-पाच क्रिया मांडता येतात आणि कर्ता एकदा सांगितला की पुढे गाळता येतो. क्रियापदाला काळाचा प्रत्यय लागत नाही, नामाला ए, अॅन, द असे काही जोडावे लागत नाही. तिच्या भाषांतरात चहाविषयीच्या एका लांब वाक्याची चार क्रियापदे कर्त्याविना ओळीने उभी होती. आपणही मराठीत "सकाळी उठलो, चहा प्यायलो, निघालो" असे सहज म्हणतो, पण आपले क्रियापद कर्त्याची खूण स्वतःबरोबर घेऊन येते. इंग्रजीत तशी सोय नाही. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून सुरू होई आणि ती अडखळ मला कित्येक वर्षे पुरली होती, हे मी तिला सांगितले. मग आम्ही एक सवय ठरवली. इंग्रजी लिहायला घेण्यापूर्वी चिनी वाक्यावर पेन्सिलीने उभ्या रेघा मारून त्याचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्याच्या डोक्यावर "कोण" किंवा "काय" लिहायचे, आणि मगच हात इंग्रजीकडे वळवायचा.

निबंधासाठी तिने तयार साचे पाठ केले होते, "समाजाच्या विकासाबरोबर" अशी सुरुवात कोणत्याही विषयाला चालेल अशी. ते सोडायला ती तयार नव्हती. मीही फार ताणले नाही. पहिले आणि शेवटचे वाक्य साच्याचे ठेव, मधल्या भागात स्वतः पाहिलेले एक उदाहरण लिही, एवढ्यावर आमचे जमले. दीडशे ते दोनशे शब्दांत तेवढे मावते.

रोजचा अभ्यासक्रम आम्ही साठ शब्दांवरून वीसवर आणला आणि तेही त्या दिवशी ऐकलेल्या मजकुरातलेच. वाचलेला वेळ जुन्या प्रश्नपत्रिकेतल्या दोन-तीन मिनिटांच्या ध्वनिफितीला दिला. आधी ऐकायचे, मग वाक्यागणिक थांबवून लिहायचे, मग छापील मजकुराशी ताडून न ऐकू आलेल्या शब्दांवर ठिपके द्यायचे, आणि शेवटी निवेदकाच्या बरोबरीने मोठ्याने म्हणायचे. सकाळी विद्यापीठाच्या आवारात मुले पुस्तक हातात घेऊन मोठ्याने वाचत फिरतात, त्यांत तीही असे. फक्त आता तिच्या कानात आवाज असायचा. पहिले तीन आठवडे ठिपके कमी होईनात आणि ती दोनदा रडली. चौथ्या आठवड्यात तिने वही दाखवली. ठिपक्यांचे पान विरळ झाले होते, तरी न आणि ल यांचा घोळ अजून होता: "नाइट" आणि "लाइट" तिला संदर्भावरूनच ओळखावे लागत.

एका गोष्टीवर मात्र मी ठाम राहिले. नोव्हेंबरमध्ये ती रात्री वसतिगृहाचे दिवे गेल्यावर मोबाइलच्या उजेडात अभ्यास करू लागली, तेव्हा मी तिला तो थांबवायला सांगितले. सहाव्या श्रेणीची परीक्षा दुपारी तीनला सुरू होते. त्या वेळी ताजे असायला हवे, म्हणून सरावही दुपारी तीनलाच करायचा. शिवाय विद्यापीठात शिकत असेपर्यंत ही परीक्षा पुन्हा देता येते. डिसेंबर हुकला तरी तिच्यापुढे जून होता, आणि हे मी तिला दर भेटीत एकदा तरी म्हणत असे, कारण शेवटची संधी समजून बसलेला विद्यार्थी पहिल्याच चुकीला कोसळतो.

फेब्रुवारीच्या अखेरीस तिचा निरोप आला. श्रवण १४७, वाचन १८१, लेखन-भाषांतर ११२. एकूण ४४०. खाली तिने विचारले होते, "लाओशी, वाचन सात गुणांनी का उतरले?" मी तिला कळवले की ती आली की दोन्ही गुणपत्रके शेजारी ठेवून पाहू.