विजेच्या पहिल्या दिव्यांचा कच्चा माल

प्रश्न : एडिसनच्या दिव्यातील तंतू जपानी बांबूचा होता, असे वाचनात आले. आपल्याकडे मुळशी-वेल्ह्याच्या डोंगरांत बांबू मुबलक असताना तो जपानहून का नेला गेला? दिव्याची प्रगती खरोखरच अशा कच्च्या मालावर अवलंबून होती का?
— एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे

उत्तर : एडिसनने 1879 मध्ये सुती दोऱ्याचा कोळसा करून तंतू बनवला, आणि पुढच्याच वर्षी बांबूचा तंतू त्याहून कितीतरी अधिक टिकतो असे त्याला आढळले. सूप-टोपली विणणारा बुरूड पेराची लांबी आणि धाग्याचा सरळपणा पाहून बांबू निवडतो. एडिसनलाही तेच हवे होते, पण फार काटेकोरपणे, कारण तंतू एखाद्या ठिकाणी जरी बारीक राहिला तरी तो तेथेच अधिक तापून तुटत असे. त्याने विल्यम मूर यांना चीन-जपानकडे पाठवले आणि क्योतोजवळच्या यावाता येथील बांबू पसंत केला. भारताचा विचारच झाला नाही, असे मात्र नाही. 1888 मध्ये जेम्स रिकल्टन हे शिक्षक याच शोधासाठी श्रीलंका, भारत आणि ब्रह्मदेशात येऊन गेले. परंतु तोवर सेल्युलोजच्या (वनस्पतींतील तंतुमय पदार्थाच्या) द्रावापासून एकसारखा कृत्रिम तंतू काढण्याची रीत पुढे आली होती आणि बांबूची गरजच सरत चालली होती.

बांबूची कथा रंजक असल्याने तीच सांगितली जाते. माझ्या मते खरी अडचण धातूंची होती. तांबे महाग असल्यामुळे एडिसनने तंतूचा रोध, म्हणजे प्रवाहाला होणारा अडथळा, मुद्दाम जास्त ठेवला, म्हणजे कमी प्रवाहात दिवा लागे आणि रस्त्याखालच्या तारा बारीक घेता येत. 1883 मधील दोनऐवजी तीन तारांनी वीज पुरवण्याच्या योजनेने तर निम्म्याहून अधिक तांबे वाचवले.

त्याहून बिकट प्रश्न प्लॅटिनमचा होता. सुरुवातीला एडिसन तंतूच प्लॅटिनमचा करू पाहत होता आणि हा धातू कोठे मिळेल याची चौकशी करणारी पत्रे त्याने 1879 मध्ये ठिकठिकाणी पाठवली होती. कोळशाचा तंतू आल्यावरही प्लॅटिनमपासून सुटका झाली नाही. निर्वात काचगोळ्यात वीज नेणारी तार काचेतून आत जाते, आणि दिवा तापला-निवला की काच व तार दोन्ही प्रसरण-आकुंचन पावतात. हे प्रमाण जुळले नाही तर काच तडकते किंवा फटीतून हवा आत शिरते आणि तंतू क्षणात जळून जातो. काचेशी जवळजवळ जुळणारे प्रसरण प्लॅटिनमचे होते, आणि त्या काळी जगातील बहुतेक प्लॅटिनम रशियातील उरल पर्वताच्या परिसरातून येत असे. त्यामुळे कारखानदारांनी प्रत्येक दिव्यातील प्लॅटिनमचा तुकडा आखूड करत नेला; काचेतून जाण्यापुरताच तो ठेवून पुढे स्वस्त धातूची तार जोडली. लोह-निकेलच्या गाभ्यावर तांब्याचे वेष्टन दिलेली तार 1910 नंतरच्या काही वर्षांत वापरात आली, तेव्हा कुठे प्लॅटिनमवाचून दिवा बनवणे शक्य झाले.