सिंकखालचं एमडीएफचं कपाट फुगलंय. नवीन किचन ट्रॉल्या करताना सांगाडा कशाचा करावा?

सांगाडा १८ मिमी बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही न सुटणाऱ्या) प्लायचा करा, आणि शीटवर आयएसआय खूण व ‘आयएस ७१०’ (या प्लायच्या भारतीय मानकाचा क्रमांक) छापलेलं स्वतः बघूनच पैसे द्या. या प्लायचा फिनॉलिक डिंक ७२ तास पाण्यात उकळण्याच्या चाचणीत टिकतो. एमडीएफ मात्र दाबलेला लाकडी तंतू, एकदा फुगला की सुकूनही पूर्ववत बसत नाही. पाणी शिरतं ते उघड्या कडेतून, म्हणून खर्च रंगावर नाही, कडांवर करा:

- पाइपसाठी पाडलेल्या भोकाची आतली कड सिलिकॉनने बंद करा. सुतार हे हमखास विसरतात.
- तळाची फळी जमिनीला टेकवू नका. १०० मिमी उंचीचे पीव्हीसी पाय लावा, नाहीतर लादी पुसताना पाणी वर चढतं.
- आतूनही लॅमिनेट हवंच. एकाच बाजूला लावलं तर फळी वाकते.

दारांचं गणित वेगळं: उंच दार प्लायचं केलं तर पिळा पडू शकतो आणि मग ते नीट मिटत नाही. तिथे एचडीएचएमआर (जास्त घनतेचं, ओलावा बऱ्यापैकी सोसणारं लाकडी तंतूंचं बोर्ड) चांगलं, पीयू (पॉलियुरेथेन) रंगही त्यावर गुळगुळीत बसतो. फक्त सिंकखाली ते वापरू नका.