प्रवासात स्थानिक लोकांशी मनापासून नातं कसं जुळतं?

तुम्ही विचारलंय की फिरताना ओळखी पुष्कळ होतात, पण परतल्यावर त्यातलं काही उरत का नाही. मी अनुभवाने सांगू शकते ते एकाच प्रवासाबद्दल, नर्मदा परिक्रमेबद्दल.

2018च्या कार्तिकी एकादशीनंतर मी ओंकारेश्वरहून निघाले. नदी कायम उजव्या हाताला ठेवायची आणि मध्ये कुठेही ओलांडायची नाही, म्हणून दक्षिण तटाने पश्चिमेकडे चालायचं. जेवण आणि रात्रीचा मुक्काम गावकऱ्यांच्या भरवशावर. गावात शिरताना "नर्मदे हर" म्हटलं की समोरून तेच उत्तर येतं आणि पाठोपाठ प्रश्न, "कितनी मूर्ति हो?" परिक्रमावासी तिथे मूर्ती म्हणून मोजले जातात. कोणी शिजवलेलं वाढतं, कोणी सदावर्त देतं, म्हणजे पीठ, डाळ, मीठ असा कोरडा शिधा.

सुरुवातीला हे घेणं मला फार जड गेलं. आयुष्यभर स्वतःच्या कमाईवर जगलेली बाई मी. खरगोन जिल्ह्यातल्या एका घरी जेवण झाल्यावर मी आजींच्या हातात शंभराची नोट ठेवली. त्यांनी ती माझ्या झोळीत परत टाकली आणि आत निघून गेल्या. घरी आलेली पाहुणी एका नोटेने गिऱ्हाईक झाली होती.

त्याच रात्री माझा गुडघा सुजला आणि मुक्काम तीन दिवस वाढला. दुसऱ्या दिवशी लंगडत का होईना, पण आजींबरोबर शेतात गेले. कापूस वेचणीला आला होता. बोंडाच्या वाळलेल्या पाकळ्या बोटांना टोचतात, आणि कापसाबरोबर पानाचा चुरा आला तर भाव कमी मिळतो. त्यांनी माझा हात धरून वेचायला शिकवलं. माझी ओटी निम्मीही भरली नाही, पण संध्याकाळी चुलीपाशी लसूण सोलताना त्या आपणहून बोलू लागल्या. त्यांची निमाडी बोली मला अर्धीच कळत होती. तरी त्यांची लेक पलीकडच्या तटावर दिलीय आणि तिची आठवण येते, एवढं नीट कळलं.

म्हणून मी तुम्हाला सांगेन, जाल तिथे हाताला काम मागा. भाजी निवडा, पाणी भरा, जे येत नाही ते शिकवा म्हणा. आणि त्यांनी प्रेमाने दिलेलं संकोच न करता घ्या. वाटेत मुलांना गोळ्या-बिस्किटं वाटत फिरू नये, असं मला ठामपणे वाटतं. त्यामुळे मुलं आपल्या चेहऱ्याकडे बघेनाशी होतात, त्यांचं लक्ष पिशवीकडे लागतं.

निघताना आजी म्हणाल्या, "उधर पहुँचो तो बेटी के घर रुकना." नावेत बसलं तर पलीकडचा तट तासाभराचाही नव्हता. मला मात्र शूलपाणीची झाडी, नंदुरबारचे डोंगर, मग गुजरात, नदी समुद्राला मिळते तिथे विमलेश्वरहून नावेने खाडीपार मिठी तलाई आणि तिथून उत्तर तटाने पूर्वेकडे, असं सगळं चालून यायचं होतं. दोन महिन्यांहून जास्त लागले. मी गाव विचारत त्या दाराशी पोचले, तेव्हा लेक अंगणात गोवऱ्या थापत होती. मी "नर्मदे हर" म्हटलं. तिने माझ्याकडे पाहिलं, हात धुवायलाही थांबली नाही, आणि विचारलं, "घुटना कैसा है अब?"