पंखांवर टायर ठेवून विमान लपतं का?

प्रश्न: रशियातल्या एका लष्करी तळाचा सॅटेलाइट फोटो बघितला, मोठ्या बॉम्बर विमानांच्या पंखांवर गाड्यांचे टायर रचून ठेवलेत. ग्रुपवर सगळे हसत होते. पण एवढे टायर कोणी उगाच वर चढवणार नाही ना? आणि वरून विमान तर अख्खं दिसतंय, मग लपलं काय?
– एक वाचक, सातारा

उत्तर: तुमची शंका अगदी बरोबर आहे, ही हसण्यावारी न्यायची गोष्ट नाहीये. २०२३ मधे रशियाच्या एंगेल्स तळावरच्या टीयू-९५ बॉम्बर विमानांवर हे टायर दिसले तेव्हा बऱ्याच जणांना वाटलं, ड्रोनचा स्फोट झेलायला ठेवले असतील. मग वर्षभराने अमेरिकी लष्कराच्या सेंट्रल कमांडच्या तेव्हाच्या टेक्नॉलॉजी प्रमुख स्कायलर मूर यांनी जाहीरपणे सांगितलं की पंखांवर टायर ठेवले की कॉम्प्युटर व्हिजनच्या, म्हणजे फोटो बघून वस्तू ओळखणाऱ्या एआयच्या, बऱ्याच मॉडेलना ते विमान आहे हेच ओळखणं अवघड जातं.

आता हे कसं, तर टायर असोत नाहीतर गोधडी टाकलेली असो, लहान पोरगंसुद्धा विमानाला विमानच म्हणेल, कारण विमान म्हणजे काय ते त्याला कळलेलं असतं. मॉडेलचं तसं नसतं, त्याला ढिगाने फोटो दाखवलेले असतात आणि त्यातून पंखाची लांब सरळ कड, पंख धडाला मिळतो तो कोपरा, जमिनीवरची सावली असल्या खुणा ते धरून बसतं. त्या सरळ कडेवर काळी वर्तुळं मांडली की कड तुटते, आणि खुणाच हलल्या तर ओळख कुठून पटणार! काही क्षेपणास्त्रं शेवटच्या टप्प्यात समोरचं दृश्य आधी साठवलेल्या चित्राशी जुळवून बघतात, त्यांचीही जुळणी बिघडू शकते. उष्णता टिपणारा इन्फ्रारेड कॅमेरा असला तरी तेच, रबर आणि पत्रा सारख्या वेगाने गार होत नाहीत.

पण टायरवाले फोटो घालून मॉडेल परत शिकवलं की ही युक्ती लंगडी पडते. म्हणून कोणते फोटो दाखवून शिकवलं हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि जे मॉडेल टायरने चकतं ते उद्या शाळेच्या बसलाही दुसरंच काही समजेल याची मला खरंच भीती वाटते, शेवटचा निर्णय त्याच्यावर सोडूच नये.

आणि उपयोग झाला का म्हणाल तर १ जून २०२५ बघा. युक्रेनने ट्रकवरच्या लाकडी घरांमधे लपवून नेलेले ११७ ड्रोन रशियाच्या हवाईतळांवर सोडले. युक्रेनमधल्या पोल्टाव्हा शहराच्या म्युझियममधे उभी असलेली जुनी सोव्हिएत विमानं दाखवून त्यांच्या एआयला शिकवलं होतं अशा बातम्या आल्या, पण ड्रोनवर माणसांचाही ताबा होता. नंतर आलेल्या व्हिडिओत पंखांवर टायर तसेच रचलेले दिसतात आणि ड्रोन त्यांच्या शेजारीच जाऊन उतरतोय.