पहिल्या अंकातला चष्मा

प्रश्न : शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ'मध्ये सरदार मॅकबेथ पुढे राजा डंकनचा खून करणार याची चाहूल पहिल्याच अंकात लागते. तो राजा होईल हे चेटकिणींचं भाकीत सोडलं, तर ती कशामुळे लागते?

उत्तर : भाकीत इतकं ठळक आहे की बाकीची पेरणी नजरेतून निसटते. दुसरा प्रवेश पुन्हा वाचा. रक्तानं माखलेला एक सैनिक लढाईची हकीकत सांगतो : मॅकबेथनं बंडखोर मॅकडॉनवाल्डला बेंबीपासून जबड्यापर्यंत उभा चिरला आणि त्याचं मुंडकं तटावर लावलं. राजा डंकन हे ऐकून वाहवा करतो. मॅकबेथ अजून रंगमंचावर आलेलाही नाही, पण त्याचा हात कसा चालतो ते आपल्याला कळलं आहे, आणि तेही कौतुकाच्या सुरात. पाचव्या अंकाच्या अखेरीस शत्रूपक्षातला सरदार मॅकडफ मुंडकं घेऊन येतो ते मॅकबेथचं. ते बघताना पहिलं मुंडकं आठवायला हवं.

चौथ्या प्रवेशातली योजना तर थक्क करणारी आहे. कॉडरच्या गद्दार सरदाराला देहदंड झाल्याची खबर येते. डंकन म्हणतो, चेहऱ्यावरून मन वाचण्याची विद्या कुठे असते? या माणसावर माझा पुरता विश्वास होता. हे बोलणं संपतं न संपतं तोच मॅकबेथ आत येतो. कॉडरची सरदारकी आता त्याच्याकडे आहे. कोणी काही सुचवत नाही, प्रेक्षक स्वतःच दुवा जोडतो, आणि स्वतः जोडलेला दुवा तो विसरत नाही.

शब्दांचंही तेच. तिसऱ्या प्रवेशात मॅकबेथ विचारतो, मला उसने कपडे का चढवता? पाचव्या अंकात त्याचं राजेपण म्हणजे बुटक्या चोराच्या अंगावरचा राक्षसाचा झगा, असं शत्रूपक्षातला सरदार म्हणतो.

प्रश्न : आमच्या गटाला हेच नाटक कमी वेळात बसवायचं आहे. पहिल्या अंकातलं काय छाटावं?

उत्तर : छाटणी शेवटापासून सुरू करा. आधी पाचवा अंक पेन्सिल घेऊन वाचा. आधीच्या अंकांतून आलेली प्रत्येक वस्तू, प्रतिमा, कृती अधोरेखित करा आणि ती पहिल्यांदा कुठे आली ते शोधा. त्या ओळींना हात लावू नका. अख्खा प्रवेश उडवण्यापेक्षा प्रवेशाच्या आतून ओळी कमी करा.

जखमी सैनिकाचा प्रवेश लांबलचक वाटतो म्हणून बहुतेकदा त्याच्यावरच पहिली कात्री चालते. मग सुरुवातीला दिसतो तो नुसता बायकोच्या आहारी गेलेला नवरा, आणि पुढचे खून कुठून आले ते कळत नाही. तिथला नॉर्वेच्या तहाचा तपशील काढा. उभं चिरणं, मुंडकं आणि कॉडरची गद्दारी मात्र ठेवा. सहावा प्रवेशही ठेवा. वाड्याची हवा किती छान म्हणणारा, सोबतच्या बँक्वो सरदाराकडून पाकोळ्यांच्या घरट्यांचं कौतुक ऐकणारा डंकन पुन्हा जिवंत दिसत नाही. त्याला पाहुणा म्हणून आत जाताना पाहिलं नाही, तर खुनातला विश्वासघात अंगावर येत नाही.

प्रश्न : मी शोकांतिका लिहिते आहे. पहिल्या अंकातल्या सूचक ओळी प्रेक्षकांना लगेच ओळखू येतात. चूक कुठे होत असेल?

उत्तर : बहुधा त्या ओळींना त्यांच्या प्रवेशात स्वतःचं काम नसेल. 'किंग लिअर'च्या पहिल्या अंकाचा दुसरा प्रवेश पाहा. एडमंड एक बनावट पत्र लपवल्यासारखं करतो. 'काही नाही' म्हणतो. बाप ग्लॉस्टर म्हणतो, दाखव, काहीच नसेल तर मला चष्मा लागायचा नाही. संशयी म्हाताऱ्याचं हे अगदी साधं, त्या क्षणाचं बोलणं आहे. तिसऱ्या अंकात त्याच ग्लॉस्टरचे डोळे काढले जातात.

तुमच्या प्रत्येक सूचक ओळीची अशीच परीक्षा घ्या. पुढची घटना नाटकातून काढून टाकली आहे असं समजा. ओळ तरीही त्या संवादात हवीशी वाटली, तर राहू द्या. नाही वाटली, तर ती फक्त लेखिकेची खूण आहे, काढा. तालमीत एक जपा : अशा ओळीपूर्वी नटानं थांबायचं नाही. त्या विरामानंच गुपित फुटतं.

पेरलेलं परत आणताना ते वेगळ्या हातात द्या. 'ऑथेल्लो'त डेस्डेमोनाचा बाप पहिल्या अंकात तिच्या नवऱ्याला, ऑथेल्लोला, बजावतो : हिनं बापाला फसवलं, तुलाही फसवेल. तिसऱ्या अंकात ऑथेल्लोच्या मनात बायकोबद्दल संशय पेरणारा इयागो तेच शस्त्र म्हणून वापरतो.

प्रश्न : 'रोमिओ अँड ज्युलिएट' तर सुरुवातीच्या 14 ओळींतच शेवट सांगून टाकतं. मग उत्सुकता कशी टिकते?

उत्तर : दोघं मरणार हे ठाऊक असल्यानं प्रत्येक निसटलेली संधी जास्त टोचते. पाचव्या अंकात साथीच्या संशयावरून एका धर्मगुरूला घरात कोंडतात आणि ज्युलिएटचं मरण खोटं आहे हे कळवणारी त्याच्याजवळची चिठ्ठी रोमिओला मिळत नाही. शेवट माहीत असूनही आपण मनात म्हणत असतो, या वेळी तरी ती पोचू दे.